हात कुणाचे, नाव कुणाचं

२९ नोव्हेंबर १९४४. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया चालली आहे. ओठ निळे, नखं निळी, वजन त्या वयाच्या मुलांच्या निम्म्याहूनही कमी. सर्जन आल्फ्रेड ब्लालॉक. समोर मदतीला विल्यम लाँगमायर, भूल द्यायला मेरेल हार्मेल, आणि डेंटन कूली नावाचा एक तरुण इंटर्न; या नावाकडे पुढे पुन्हा यायचं आहे. ब्लालॉक यांच्या खांद्यामागे, एका स्टुलावर, आणखी एक जण उभा आहे. त्याच्या हातात सुरी नाही, चिमटा नाही. सुई उलट्या दिशेने जाऊ लागली की तो सांगतो, टाक्यांमधलं अंतर वाढलं की सांगतो. हे ऑपरेशन त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण ते बसवलंय त्यानेच. तो डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही तो चढलेला नाही. आणि तो काळा आहे, तेही अशा रुग्णालयात जिथे काळी माणसं झाडलोटीच्या आणि तसल्याच कामांवर दिसत.

त्यांचं नाव व्हिव्हियन थॉमस. सुतारकाम करून पैसे साठवायचे आणि डॉक्टर व्हायचं, असा त्यांचा बेत होता. महामंदीत आधी काम सुटलं आणि पुढे बँक बुडून पुंजीही गेली. १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लालॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. दिवस निघेपर्यंत करायचं काम, असाच तेव्हा त्यांचा हिशेब होता. हजेरीपटावर हुद्दा सफाई कामगाराचा, प्रत्यक्षात काम प्रयोगांचं: प्राण्यांवर शस्त्रक्रिया करायची, मोजमापं घ्यायची, निष्कर्षांच्या वह्या ठेवायच्या. १९४१ मध्ये ब्लालॉक हॉपकिन्सला आले ते थॉमस यांना सोबत घेऊनच. पांढरा कोट घालून ते रुग्णालयाच्या बोळातून गेले की लोक वळून पाहत.

‘निळ्या बाळां’चा प्रश्न आणला हेलन टाउसिग यांनी. लहान मुलांच्या हृदयविकाराच्या दवाखान्यात त्या वर्षानुवर्षं अशी बाळं पाहत होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ठोके त्या बोटांनी वाचायच्या. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जन्माआधी फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते आणि ती जन्मानंतर मिटते. काही बाळांची तब्येत ती उघडी होती तोवर बरी असायची आणि मिटली की ती निळी पडायची. म्हणजे फुप्फुसाकडे जाणारं रक्त कमी पडतंय. मग तशीच एक नळी आपणच का करू नये? बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये तीच नळी उघडी राहिलेल्या मुलीत ती बांधून बंद करून दाखवली होती. टाउसिग आधी त्यांच्याकडेच गेल्या. त्यांना त्यात रस वाटला नाही. मग त्या ब्लालॉक यांच्याकडे आल्या. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याचा प्रकार ब्लालॉक यांच्या प्रयोगशाळेत नॅशव्हिलमध्ये आधीच होऊन गेला होता, पण तो अगदी वेगळ्या हेतूने, आणि तो प्रयोग फसला होता. म्हणजे प्रश्न एकीकडून आला आणि उत्तर दुसरीकडे, चुकीच्या कप्प्यात पडलेलं होतं.

ते दोन्ही एकत्र शिवायचं काम थॉमस यांचं. आधी कुत्र्यात हा आजार तयार करायचा, मग तो दुरुस्त करायचा. दोनशेच्या आसपास कुत्री, दोन वर्षांच्या आसपास काळ. इतक्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी सुया मिळत नव्हत्या, त्या त्यांनी कापून, घासून बेताच्या केल्या. ब्लालॉक यांचा हात त्या ऑपरेशनवर फारसा बसलेलाच नव्हता. म्हणून तर स्टूल.

ती मुलगी टेबलावरून जिवंत उठली. काही महिन्यांनी गेली. पण पाठोपाठ आणखी दोन मुलांवर ऑपरेशन झालं आणि मे १९४५ मध्ये तिन्ही मुलांची हकीकत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. लेखक दोन: ब्लालॉक आणि टाउसिग. ऑपरेशनचं बारसंही त्याच दोन नावांनी झालं: ‘ब्लालॉक-टाउसिग शंट’, शंट म्हणजे रक्ताला काढून दिलेली आडवाट. जगभरातून आईबाप निळी मुलं घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. थॉमस यांचं नाव त्या लेखात कुठेच नव्हतं. त्या काळात ब्लालॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत थॉमस वरकमाईसाठी पेयं देण्याचं काम करत. दिवसा ज्या तरुण सर्जनांना ते टाका घालायला शिकवत, संध्याकाळी त्यांच्याच हातात ग्लास देत.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे आणि ती सांगण्याची एक रूढ पद्धतही पडून गेली आहे: अन्याय, मग उशिरा आलेला न्याय, मग डोळ्यांत पाणी. १९७१ मध्ये थॉमस यांचं तैलचित्र रुग्णालयात लागलं, तेही त्यांनी घडवलेल्या सर्जनांनी वर्गणी काढून. १९७६ मध्ये हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली. ती वैद्यकशास्त्राची नव्हती, कायद्याची होती. हे वरातीमागून घोडं मला फारसं हलवत नाही. मला खुपतं ते वेगळंच. एखाद्या शोधाचं श्रेय ही कुणीतरी उदार होऊन द्यायची वस्तू आहे, असं आपण धरून चालतो. तो मान नाही, ती नोंद आहे. नोंद चुकली तर ती दुरुस्त करायची असते, त्यासाठी समारंभ लागत नाही. नोंद ठेवायची सवय नसेल, तर मागाहून केलेली भरपाईही तितकीच चुकीची ठरू शकते, आणि हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात ती तशी ठरलेली आहे.

त्यासाठी केपटाऊनला जावं लागेल. ३ डिसेंबर १९६७ रोजी ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत मोटारीच्या धडकेत मेंदू निकामी झालेल्या एका तरुणीचं हृदय बसवलं. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत हॅमिल्टन नाकी नावाचे एक काळे गृहस्थ होते. माळी म्हणून लागले, मग प्राण्यांच्या प्रयोगशाळेत मदतीला आले आणि हळूहळू स्वतः शस्त्रक्रिया करू लागले, तरुण डॉक्टरांना शिकवू लागले. यकृतरोपणाच्या प्रयोगांतला त्यांचा हात बर्नार्ड यांनीही वाखाणला होता. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले ते माळ्याच्या निवृत्तिवेतनावर. इथपर्यंतचं सगळं खरं, आणि एवढंही पुरेसं संतापजनक आहे. पण वर्णभेदाची राजवट गेल्यानंतर कहाणीला एक जोड मिळाली: त्या रात्री दात्याचं हृदय काढलं ते नाकी यांनीच, आणि सरकारने ते दडवलं. २००५ मध्ये नाकी वारले तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘इकॉनॉमिस्ट’ने मृत्युलेखांत हीच कथा छापली. मग त्या पथकातल्या लोकांनी सांगितलं, की नाकी त्या रात्री थिएटरमध्ये नव्हतेच. दुरुस्त्या छापाव्या लागल्या.

तोटा कुणाचा झाला? बर्नार्ड यांचा नाही. नाकी यांचा झाला. त्यांनी खरोखर केलेलं काम, म्हणजे प्रयोगशाळेतली ती सगळी वर्षं, त्या एका खोट्या रात्रीखाली दबलं. आता त्यांचं नाव निघालं की पहिलं वाक्य असतं, ‘ती गोष्ट खरी नव्हती.’ हे होण्याचं कारण आपल्या कल्पनाशक्तीच्या दारिद्र्यात आहे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं प्राण्यांवर हात बसवणं आणि शिकवणं हे आपल्याला श्रेयाला पात्र वाटतच नाही. म्हणून त्या माणसाला उचलून ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली न्यावं लागतं. नायक तोच, जो त्या रात्री तिथे होता. थॉमस यांच्या बाबतीतही लोकांना आवडतं ते स्टूल. (मीसुद्धा सुरुवात स्टुलापासूनच केली, हे कबूल.) पण त्यांचं खरं काम स्टुलावर झालंच नव्हतं. ते आधीच्या दोन वर्षांत झालं होतं, पाहायला कुणी नसताना.

केपटाऊनच्या त्या रात्रीवर दुसराही एक दावा आहे, आणि तो थॉमस यांच्यापेक्षा फार वेगळ्या जातीचा आहे. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर १९५९ पासून कुत्र्यांवर हृदयरोपण करत होते. मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या मागच्या भिंती जागेवर ठेवून नवं हृदय त्यांना शिवायचं, ही पद्धत त्यांनी पक्की केली. ती लंडनमध्ये कॅस आणि ब्रॉक यांनीही करून पाहिली होती, हेही सांगायला हवं. लोअर तोवर अमेरिकेतल्याच रिचमंडला गेले होते. बर्नार्ड १९६६ मध्ये तिथे गेले, लोअर यांचं काम पाहिलं, परत आले आणि वर्षभरात माणसावर ऑपरेशन केलं. शमवे तयार होते, पण अमेरिकेत मेंदू मेला तरी हृदय चालू असेल तर माणूस जिवंत धरला जाई. दक्षिण आफ्रिकेत मृत्यू ठरवणं डॉक्टरांच्या हाती होतं. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. तीनच दिवसांनी ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एका अर्भकावर प्रयत्न केला, ते काही तासांत गेलं. शमवे यांचा पहिला रुग्ण जानेवारी १९६८ मधला.

बर्नार्ड यांनी श्रेय लाटलं, असं म्हणणाऱ्यांची आजही कमी नाही. मला ते पटत नाही. शमवे आणि लोअर यांनी आपली पद्धत छापली होती. छापलेलं ज्ञान सगळ्यांचं असतं, छापण्याचा अर्थच तो. ते वाचून, पाहून कुणी आधी वापरलं तर ती चोरी नव्हे. शमवे यांच्यावर मात झाली, अन्याय झाला नाही. बर्नार्ड पहिले होते, हे सरळ मान्य करावं आणि मग विचारावं की त्या पहिलेपणाला किंमत किती. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभराच्या आसपास हृदयरोपणं झाली. ज्याला त्याला आपल्या देशात, आपल्या शहरात पहिलं व्हायचं होतं. बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले, कारण शरीर परकं हृदय झिडकारतं आणि ते थोपवायचं कसं, हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. मग एकेका केंद्राने काम थांबवलं. शमवे थांबले नाहीत. शरीर हृदय झिडकारतंय हे लवकर ओळखायचं कसं, औषधं किती द्यायची, रुग्ण निवडायचे कसे, हे ते दहा-बारा वर्षं कासवाच्या गतीने शोधत राहिले. १९८० च्या दशकात हे झिडकारणं थोपवणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि हृदयरोपण हा उपचार झाला. पहिली रात्र बर्नार्ड यांची आणि पुढची सगळी वर्षं शमवे यांची. पाटी मात्र रात्रीवर लागते. वर्षांवर पाटी लावायची कुठे, हे कुणाला सुचलेलं नाही.

‘पहिला’ हा शब्दच मुळात घसरडा आहे. माणसाच्या छातीत दुसरं हृदय पहिल्यांदा बसवलं ते बर्नार्ड यांनी नव्हे, मिसिसिपीच्या जेम्स हार्डी यांनी, जानेवारी १९६४ मध्ये. ते हृदय चिंपांझीचं होतं आणि जेमतेम तासाभर चाललं. म्हणजे बर्नार्ड यांच्या पहिलेपणात ‘माणसाचं हृदय माणसाला’ अशी एक अट दडलेली आहे. तसंच मागेही. १८९३ मध्ये शिकागोत डॅनियल हेल विल्यम्स यांनी सुरा लागलेल्या माणसाची छाती उघडून हृदयाभोवतीचं आवरण शिवलं आणि तो वाचला. विल्यम्स काळे होते, रुग्णालय त्यांनीच उभं केलेलं होतं आणि ते काम थोरच होतं. पण ‘पहिली हृदयशस्त्रक्रिया’ म्हणून ते सांगितलं जातं तेव्हा अडचण होते. आवरण शिवण्याचं काम सेंट लुइसला १८९१ मध्ये हेन्री डाल्टन यांनी केलं होतं, आणि प्रत्यक्ष हृदयाच्या स्नायूला टाका घालून रुग्ण वाचवला तो १८९६ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी. आवरण धरायचं की स्नायू? रुग्ण जगला पाहिजे ही अट घालायची की नाही? अट बदलली की पहिला बदलतो. अट ठरवतो तो बहुधा आपला माणूस आधी निवडतो आणि व्याख्या मागून शिवतो.

झडपेच्या बाबतीत तर हा प्रकार हास्यास्पद झाला. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून आक्रसलेली मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप, मोकळी केली. मुलगी बरी झाली. त्यानंतर फिजिशियनांनी त्यांच्याकडे असा एकही रुग्ण पाठवला नाही. तेवीस वर्षं गेली. जून १९४८ मध्ये फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनी तेच ऑपरेशन केलं आणि सहा दिवसांनी बोस्टनच्या ड्वाइट हार्कन यांनी. या सहा दिवसांवरून ते दोघे पुढे वर्षानुवर्षं भर सभांत भांडत राहिले. बेली यांचे आधीचे बहुतेक रुग्ण दगावले होते. १० जूनला त्यांनी एकाच दिवसात दोन रुग्णालयांत दोन ऑपरेशनं ठेवली. सकाळचा रुग्ण गेला. बातमी पोचून परवानगी रद्द व्हायच्या आत ते दुसऱ्या रुग्णालयात पोचले, आणि ती बाई वाचली. या धाडसाला दाद द्यायची की धसका घ्यायचा, मला आजही ठरवता येत नाही. पण सहा दिवसांचं भांडण सगळ्यांना आठवतं. सकाळच्या टेबलावरच्या माणसाची आठवण कुणी काढत नाही.

बायपासचंही असंच. रेने फावालोरो यांचं नाव जगाला माहीत आहे: क्लीव्हलँड, १९६७, पायातली शीर घेऊन हृदयाच्या धमनीला केलेला वळसा. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेट्झ यांनी १९६० मध्ये छातीतली धमनी जोडली होती. लेनिनग्राडला वासिली कोलेसोव्ह १९६४ पासून तेच करत होते आणि एकाकी पडले होते. ह्यूस्टनला १९६४ मध्ये सर्जन मायकेल डीबेकी यांच्या पथकाने शिरेचा बायपास करून टाकला आणि तो नऊ वर्षांनी छापला! इतक्या उशिरा केलेला दावा मी फार मनावर घेत नाही. जे सांगितलं नाही ते इतरांच्या उपयोगी पडलं नाही. शोधात सांगणंही येतं, नुसतं करणं नाही. फावालोरो यांना स्वतःला बायपासचा जनक म्हटलेलं खपायचं नाही. ‘मी’च्या जागी ते ‘आम्ही’ म्हणत. आणि खरोखर, त्यांच्याच रुग्णालयात मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांचं चित्र काढायची रीत शोधली नसती, तर वळसा कुठे घालायचा हेच कळलं नसतं.

आता कूली यांच्याकडे येतो. थॉमस यांच्याकडे पाहत टाके शिकलेला तो इंटर्न पुढे ह्यूस्टनचा नामांकित सर्जन झाला. तिथेच मायकेल डीबेकी यांच्या प्रयोगशाळेत, सरकारी अनुदानावर, कृत्रिम हृदयाचं काम चाललं होतं. वासरांवर प्रयोग सुरू होते आणि निकाल उत्साहजनक नव्हते. त्या प्रयोगशाळेतले डोमिंगो लिओटा कूली यांना येऊन मिळाले. ४ एप्रिल १९६९ रोजी कूली यांनी एका रुग्णाला कृत्रिम हृदय बसवलं. ते सुमारे चौसष्ट तास चाललं, मग दात्याचं हृदय बसवलं आणि त्यानंतर दीड दिवसाच्या आत तो रुग्ण गेला. डीबेकी शहराबाहेर होते, त्यांना बातमी नंतर कळली. दोघांची दुकानं जवळजवळ समोरासमोर होती. सुमारे चाळीस वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. २००७ मध्ये दिलजमाई झाली तेव्हा डीबेकी नव्वदी ओलांडून गेले होते.

कूली यांचं म्हणणं असं, की रुग्ण टेबलावर मरत होता आणि दुसरा इलाज नव्हता. ते खरंही असेल. पण हे बर्नार्ड यांच्यासारखं नाही. तिथे छापलेली पद्धत होती. इथे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतलं, अजून सिद्ध न झालेलं, न छापलेलं काम होतं. आयत्या बिळावर नागोबा याच प्रकाराला म्हणतात. आपण मात्र या सगळ्यांना ‘श्रेयाचा वाद’ या एकाच पोत्यात भरतो. शमवे मागे पडले, डीबेकींचं नेलं गेलं, कोलेसोव्ह विसरले गेले, थॉमस पुसले गेले. मागे पडणाऱ्याला सांत्वन पुरतं. नेलेल्याची चौकशी व्हावी लागते. विसरलेल्यासाठी इतिहासकार लागतो. पुसलेल्यासाठी मात्र मुळात लिहायची रीतच बदलावी लागते, कारण तिथे कुणा एकाने काही चोरलेलं नसतं. सगळे नियमाप्रमाणे वागलेले असतात.

ब्लालॉक यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, काळच तसा होता. दुसरी जास्त वजनदार आहे: सुरी ज्याच्या हाती, जोखीम त्याची. ती मुलगी टेबलावर गेली असती तर शिव्या ब्लालॉक यांना बसल्या असत्या, थॉमस यांना नाही. मग यशाचं श्रेयही त्यांचंच का नसावं? या युक्तिवादात तथ्य आहे. जबाबदारी म्हणजे काय, हे पुढे हृदयरोपणाच्या लाटेत दिसलं. ऑगस्ट १९६८ मध्ये जपानमध्ये जुरो वादा यांनी हृदयरोपण केलं, रुग्ण ८३ दिवस जगला, आणि मग दाता खरंच मेला होता का, या प्रश्नावरून वादा यांच्यावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण जपानमध्ये पुढचं हृदयरोपण थेट १९९९ मध्ये झालं. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी वादांच्याही आधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आशियातलं पहिलं हृदयरोपण केलं होतं. त्यामागे कुत्र्यांवरच्या प्रयोगांची काही वर्षं होती. रुग्ण काही तासच जगला. भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये, आणि त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये वेणुगोपाल यांनी हृदयरोपण यशस्वी केलं. मधली सव्वीस वर्षं सेन यांचं नाव जागतिक इतिहासात बहुधा तळटीपेतच राहिलं. पण त्यांनी आपलं अपयश स्वतःच्या नावावर घेतलं होतं, हे नोंदवायलाच हवं.

तर हो, जोखीम घेणाऱ्याचं नाव पहिलं असावं. पण पहिलं नाव म्हणजे एकटं नाव नव्हे. जोखमीच्या युक्तिवादाने ब्लालॉक यांचं नाव लेखावर का आहे, ते कळतं. थॉमस यांचं का नाही, ते कळत नाही. टाउसिग यांच्या हातीही सुरी नव्हतीच की. त्यांचं नाव आलं, कारण त्या डॉक्टर होत्या. त्या स्त्री असल्यामुळे त्यांनाही हॉपकिन्समध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५९ उजाडलं, हा वेगळा हिशेब. आणि ‘काळच तसा होता’ म्हणायचं, तर पुढे रक्तवाहिन्या उलट्या जोडल्या गेलेल्या बाळांसाठी हृदयाच्या आतल्या पडद्यात छिद्र करायची युक्ती थॉमस यांनी प्रयोगशाळेत बसवली, तिचंही नाव ‘ब्लालॉक-हॅनलन’ पडलं. एकदा झालं ते चूक म्हणता येईल. दुसऱ्यांदा झालं ते वळण.

हे वळण मोडलंय, असं समजू नये. आज वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती लेखक कुणाला म्हणायचं त्याच्या चार अटी सांगते: संशोधनाच्या आखणीत किंवा माहिती जमवण्यात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्याची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. या चाळणीत थॉमस यांना घालून पाहा. पहिली अट ते कुणाहीपेक्षा जास्त पूर्ण करतात. दुसरीपाशी अडकतात, कारण मसुदा लिहायला त्यांना कुणी बोलावणारच नाही. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला लिहिण्याची संधी द्यावी, असं समिती सांगते खरी; पण ती संधी कुणी द्यायची? ज्याच्या नावावर लेख निघणार आहे, त्यानेच. म्हणजे किल्ली पुन्हा त्याच खिशात. प्राण्यांवर हात बसवणारे तंत्रज्ञ, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे परफ्युजनिस्ट, उपकरण घडवणारे यंत्रज्ञ लेखाच्या तळाशी आभारांत जातात, तेही लेखकाला आठवण झाली तर. ते यंत्र घडवणाऱ्या जॉन गिबन यांच्या सोबत त्यांची पत्नी मेरी जवळपास दोन दशकं प्रयोगशाळेत उभी होती. १९५३ मध्ये त्या यंत्रावर पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्या ‘सहकार्य करणाऱ्या पत्नी’ म्हणून उरल्या.

गेल्या दहाएक वर्षांत काही नियतकालिकं प्रत्येकाने काय केलं ते चौदा प्रकारच्या कामांत विभागून लिहून घेऊ लागली आहेत: कल्पना कुणाची, पद्धत कुणी बसवली, प्रयोग कुणी केले, साधनं कुणी पुरवली, लिहिलं कुणी. चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या नामावळीसारखं. काहींना हे कारकुनी वाटतं. मला नेमकं तेच आवडतं. मात्र ही यादी लेखाचा मुख्य लेखक भरतो, तोवर ती अर्धीच आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये शस्त्रक्रियेची नोंद असते. तीत सर्जन, मदतनीस, भूलतज्ज्ञ, परिचारिका, सगळ्यांची नावं येतात, कारण काही बिघडलं तर विचारायचं कुणाला हा प्रश्न असतो. दोष शोधायचा असेल तर आपण सगळी नावं लिहून ठेवतो. श्रेय द्यायची वेळ आली की दोन पुरतात. त्या नोंदीसारखीच प्रयोगशाळेची वही असावी, तीत ज्याने त्याने स्वतःच्या हाताने, त्याच दिवशी लिहावं, आणि लेखासोबत ती नावंही जोडली जावीत. मान द्यायचा की नाही, ते नंतर ज्याचं त्याने ठरवावं. नोंद मात्र कुणाच्या मर्जीवर नको. नाकी यांची अशी वही असती तर त्यांच्या नावावर खोटी रात्र चिकटवायची गरज कुणाला पडली नसती, आणि चिकटवली असती तरी ती टिकली नसती.

नाव बदलून काय साधतं, याबद्दल मला शंका आहे. अलीकडे अनेक लेखांत ‘ब्लालॉक-थॉमस-टाउसिग’ असं तीन नावांचं रूप दिसतं. चांगलंच आहे. गंमत अशी, की आज बहुतेक ठिकाणी हे ऑपरेशन हाताची धमनी न तोडता, मध्ये एक कृत्रिम नळी बसवून करतात. ती रीत या तिघांपैकी कुणाचीच नव्हे आणि ती शोधणाऱ्यांची नावं त्या नावात नाहीत. वॉर्डात तर या सगळ्यातलं काहीच पोचलेलं नाही. केसपेपरवर घाईघाईत ‘बीटी शंट’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यातला ‘टी’ कुणाचा, हे लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही.